पत्करलेला भार, लादलेला बोजा

सरकार कर ‘बसवते’ किंवा ‘आकारते’. तो भरणारा मात्र कर ‘लादला’ असे म्हणतो. सरकार अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार ‘सोपवते’. तोच अधिकारी घरी आल्यावर आणखी एक काम ‘गळ्यात पडले’ असे सांगतो. शासकीय मराठी आणि व्यवहारातील मराठी यांच्यातील हा फरक केवळ शैलीचा नाही. एकाच कृतीकडे आदेश काढणारा कसा पाहतो आणि आदेश सोसणारा कसा पाहतो, हे त्या क्रियापदांतून कळते. या दोन क्रियापदांमधील अंतर वाढत गेले की निर्णयाचा पाया कच्चा आहे, असे खुशाल समजावे. मग तो निर्णय कायद्याच्या भाषेत कितीही निर्दोष असो. याचा एक जुना आणि कागदोपत्री नीट नोंदला गेलेला दाखला वाराणसीत सापडतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यातील सरकारने १८१० साली पंधरावा विनियम काढला आणि बंगाल, बिहार, ओरिसा व बनारस या प्रांतांतील प्रमुख शहरांत घरपट्टी लागू केली. घराच्या वार्षिक भाड्याच्या ५ टक्के आणि दुकानाच्या भाड्याच्या १० टक्के असा दर होता. कलकत्त्यात अशी पट्टी आधीपासून वसूल होत होती. तीच अन्य शहरांत न्यावी, इतका सरळ हिशेब त्यामागे होता. कंपनीला पैशाची निकड होती, हेही उघड आहे. वेलस्लीच्या मोहिमांनी, विशेषतः १८०३ ते १८०५ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाने, कंपनीचे कर्ज बेसुमार वाढवून ठेवले होते. १८०५ साली त्याला परत बोलावले गेले, त्यामागे या खर्चाची धास्ती होतीच. राज्यविस्ताराचा जो पसारा कंपनीने अंगावर घेतला होता, तो निस्तरण्यासाठी उत्पन्नाच्या नव्या वाटा शोधणे क्रमप्राप्त झाले होते. दख्खनमधील आणि हिंदुस्थानातील लढायांचा हिशेब अशा रीतीने काशीच्या गल्ल्यांतील उंबरठ्यांपर्यंत येऊन पोहोचला.

काशीचे म्हणणे

बनारसच्या नागरिकांनी सरकारकडे जो अर्ज केला, त्यातील युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. पूर्वीच्या सुलतानांनी रयतेच्या वडिलोपार्जित वा खरेदीच्या राहत्या घरांवर कधी हक्क सांगितला नव्हता, हा त्यांचा पहिला मुद्दा. मुद्रांक शुल्क, मालाच्या ने-आणीवरील जकात, शहरातील कर हे सारे आधीच भरले जात असताना त्यात भर कशासाठी, हा दुसरा. तिसरा मुद्दा शहराच्या स्वरूपाचा होता. काशी हे व्यापारी कलकत्ता नव्हे. येथे यात्रेकरू, संन्यासी, विधवा, अपंग आणि दानधर्मावर जगणारी माणसे राहतात. अनेक घरे धर्मकार्यासाठी दिलेली आहेत आणि कित्येकांच्या मालकांना डागडुजीदेखील परवडत नाही. अशा घरांचे भाडे ठरवायचे कसे आणि त्यावर टक्केवारी काढायची कशी?

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता. घरपट्टीतून शहराच्या बंदोबस्ताचा खर्च निघेल, असे जर सरकारचे म्हणणे असेल, तर तो खर्च नागरिक आधीपासून करतच होते. काशीच्या मोहल्ल्यांना फाटके होती. ती रात्री बंद करणे, त्यांची दुरुस्ती करणे, चौकीदार नेमून त्याचा पगार देणे या व्यवस्थेला ‘फाटकबंदी’ म्हणत आणि तिचा भार मोहल्ल्यातील रहिवासी उचलत. म्हणजे पैसे देण्यालाच काशीकरांचा विरोध होता, असे म्हणता येत नाही. ज्या चौकीदाराचा चेहरा त्यांना ठाऊक होता, ज्याची नेमणूक व वेतन त्यांच्या विचाराने ठरत होते, त्याचा खर्च त्यांनी पत्करला होता. कलकत्त्यात बसून ठरवलेली टक्केवारी पत्करायला ते तयार नव्हते.

अर्जाचा उपयोग होईना, तेव्हा १८१० च्या डिसेंबरअखेरीस शहराने कामकाज बंद केले. लोहार, सुतार-गवंडी, विणकर, न्हावी, शिंपी, कहार, नावाडी अशा एकेका व्यवसायाने हातातील काम खाली ठेवले. दुकाने बंद झाली, नावा घाटाला लागल्या, पालख्या उचलणारे खांदे मिळेनात. अंत्यसंस्कार करणारे न मिळाल्याने प्रेते तशीच गंगेत सोडली जात असल्याचे इंग्रज अधिकाऱ्याने कळवले आहे. शहराबाहेर मैदानात लोक धरणे धरून बसले आणि त्यांची संख्या वीस हजारांहून अधिक असल्याचा अंदाज कलेक्टरनेच कलकत्त्याला पाठवला. जे रोज दुसऱ्यांचा भार वाहून पोट भरत होते, त्यांनीच भार उतरवून ठेवला, तेव्हा शहर थांबले.

येथे स्थानिक अधिकाऱ्यांची अवस्था लक्षात घेण्यासारखी आहे. हंगामी मॅजिस्ट्रेट बर्ड आणि कलेक्टर हे दोघे या आदेशाचे जनक नव्हते. वरून आलेला हुकूम अमलात आणणे एवढेच त्यांच्या हाती होते. एकीकडे शांतपणे बसलेला जमाव, दुसरीकडे बेकायदा जमावापुढे नमते घेणार नाही असे बजावणारे कलकत्त्याचे सरकार, यांच्यामध्ये ते सापडले होते. अखेर बनारसच्या राजाची मध्यस्थी, लष्कराचा धाक आणि काही घरांना दिलेली सूट या साऱ्यांचा परिणाम होऊन १८११ च्या आरंभी जमाव पांगला. सरकारची अब्रू त्या घटकेपुरती राहिली. पण १८१२ साली आणखी एक विनियम काढून ही घरपट्टीच रद्द करण्यात आली. जे प्रारंभी विचारपूस करून टाळता आले असते, ते दीड वर्षाच्या कटकटीनंतर करावे लागले.

हा सारा पत्रव्यवहार विचारवंत धरमपाल यांनी सरकारी दप्तरांतून शोधून १९७१ साली पुस्तकरूपाने मांडला. त्याला जयप्रकाश नारायण यांची प्रस्तावना होती आणि तो प्रसिद्ध झाला वाराणसीच्याच सर्व सेवा संघातर्फे. पुढे सेवाग्रामला राहिलेल्या आणि २००६ साली तेथेच निधन पावलेल्या धरमपाल यांचे म्हणणे असे होते की, असहकाराची रीत या देशात गांधीजींच्या आधीपासून रुजलेली होती. हा निष्कर्ष सर्वांनी मान्य केला नसला, तरी काशीच्या कागदपत्रांतून एक गोष्ट निर्विवाद पुढे येते. कराच्या रकमेइतकाच तो ठरवण्याच्या रीतीवर लोकांचा राग होता.

माथा तोच, क्रियापद निराळे

मराठीने हा फरक शब्दांत काटेकोरपणे जपला आहे. आपण होऊन भार घेण्याला शिरावर घेणे, खांद्यावर घेणे, अंगावर घेणे, पदरात घेणे, पत्करणे असे म्हणतात. दुसऱ्याने टाकलेल्या भाराला माथी मारणे, गळ्यात बांधणे, मानगुटीवर बसवणे, बोकांडी बसणे, वेठीस धरणे अशी भाषा येते. शिर आणि माथा हा देहाचा एकच भाग. एकात ‘घेणे’ आहे, दुसऱ्यात ‘मारणे’ आहे, एवढाच भेद. पण त्या भेदातच राजकारण आहे. घेतलेले ओझे दमल्यावर खाली ठेवता येते, वाटून घेता येते. बोकांडी बसलेले ओझे वाहणाऱ्याला धड दिसतही नाही.

‘लादणे’ हा शब्द तर सरळ बैलाच्या पाठीवरून आला. मालाच्या गोण्या तांड्यातील बैलांवर लादल्या जात आणि किती लादायचे हे बैलाला विचारण्याची पद्धत नव्हती. ‘वेठ’ हा शब्द राज्यव्यवहारातून आला. सरकारी कामासाठी रयतेला विनामोबदला राबवण्याची ती जुनी चाल. तिला संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बंदी घातली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी संपवण्याची तजवीज केली. चाल कायद्याने संपली, पण शब्द राहिला. संपाने प्रवाशांना वेठीस धरले, असे आजही म्हटले जाते. ‘बोजा’ हा शब्द महसूल खात्याने इतका आपलासा केला की सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात तो कर्जाची नोंद म्हणून बसला. बोजा चढवणे आणि बोजा उतरवणे या दोन्ही क्रिया तलाठ्याच्या दप्तरात आहेत. मात्र शेतकऱ्याच्या अनुभवात चढवणे सोपे आणि उतरवणे अवघड असते.

शब्दांची तिसरी पंगत कुवतीबाहेर काम घेणाऱ्यांसाठी आहे. डोईजड होणे, न झेपणे, आवाक्याबाहेर जाणे, ओढवून घेणे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण घरोघरी दिली जाते. विकतचे श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणे, ही म्हण तर काशीच्या घाटावरच शोभावी. या तिसऱ्या पंगतीचा दुसरीशी असलेला संबंध राजकारणात सहसा ध्यानात घेतला जात नाही. ज्याने न झेपणारे काम अंगावर घेतले, तो पुढे ते दुसऱ्याच्या माथी मारतो. वर पेलवेनासे झालेले ओझे खाली उतरत जाते आणि सर्वांत शेवटी ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्या पाठीवर स्थिरावते. काशीची घरपट्टी हे त्याचे उदाहरण आहे. मराठी सत्ताही याला अपवाद नव्हती.

१७५२ च्या करारान्वये मराठ्यांनी ५० लाख रुपये आणि चौथाईचे हक्क यांच्या बदल्यात दिल्लीच्या बादशाहीचे अब्दालीसह सर्व शत्रूंपासून रक्षण करण्याची जबाबदारी घेतली. ठरलेली रक्कम वसूल होणे कठीण आणि जबाबदारी अफाट, असा हा सौदा होता. त्याच सुमारास काशी-प्रयाग ही क्षेत्रे आपल्या ताब्यात यावीत, यासाठी नानासाहेब पेशव्यांचा आग्रह चालू होता. फौजांचा खर्च वाढला, कर्ज वाढले आणि उत्तरेतील राजपूत-जाटांकडून होणाऱ्या वसुलीचा रेटा वाढला. परिणामी १७६१ साली पानिपतावर उभे राहताना मराठ्यांच्या बाजूला उत्तरेतील मित्र जवळपास उरले नव्हते. पानिपताची कारणे अनेक आहेत. तथापि आवाक्याबाहेरची जबाबदारी आणि तिच्यापायी इतरांवर बसवलेल्या खंडण्या यांचा त्यातील वाटा नाकारता येत नाही. चौथ ‘बसवली’ असे मराठी कागदांत येते. ती देणाऱ्यांच्या बोलीत कोणते क्रियापद असेल, याचा विचार मराठी अभिमानाने फारसा केलेला नाही.

याच काशीत उलट उदाहरणही मराठीच आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. देशभरातील त्यांच्या धर्मकार्याचा खर्च होळकरांच्या खासगी उत्पन्नातून होत असे. दौलतीच्या खजिन्यावर त्याचा भार टाकला जात नसे. पुण्याचे काम आपले असेल तर त्याचे ओझेही आपल्याच खांद्यावर असावे, हा राज्यकर्तीचा विवेक त्यात दिसतो. पुढे बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेजवळ जो भव्य घाट बांधायला घेतला, तो स्वतःच्याच दगडांच्या भाराने खचला, असे सांगितले जाते. तेथील शिवमंदिर आजही कललेले, पाण्यात अर्धे बुडून उभे असते. पायाला किती पेलेल याचा अंदाज न घेता चढवलेल्या दगडांची ती साक्ष आहे.

एक भाषा, दोन अनुभव

या साऱ्याचा आजच्या मराठी माणसाशी संबंध काय, असा प्रश्न राजधानीतील वाचकाला पडू शकतो. त्याचे उत्तर २०२५ साली महाराष्ट्रानेच दिले. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने राज्यातील मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्यात आली. विरोध होताच १७ जूनच्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ हा शब्द जाऊन हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा राहील, अशी रचना आली. अन्य भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० विद्यार्थी असण्याची अट होती. म्हणजे शब्द बदलला, वजन तेवढेच राहिले. पालकांना आणि शिक्षकांना हे समजायला वेळ लागला नाही. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ज्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आधार घेतला गेला, त्या २०२० च्या धोरणातच कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही, असे नमूद आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

हिंदीविषयी मराठी माणसाला आकस आहे म्हणून हे घडले, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्याला काशीच साक्षी आहे. बाबूराव विष्णू पराडकर हे १८८३ साली वाराणसीत मराठी कुटुंबात जन्मले आणि ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ ठरले. ‘मुद्रास्फीति’सारखे आज सरकारी हिंदीत रुळलेले शब्द घडवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर यांनी तर बंगालीत लिहून बंगालच्या स्वदेशी चळवळीला बळ दिले. या मामा-भाच्यांना कोणी शासन निर्णय पाठवला नव्हता. ज्या गावात राहिले, तेथील भाषा त्यांनी पत्करली आणि तिला स्वतःजवळचे काही दिले. दिल्ली, वाराणसी, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. पराडकरांनी शिरावर घेतलेली हिंदी आणि सहा वर्षांच्या मुलाच्या माथी येऊ घातलेली हिंदी ही भाषा एकच. अनुभव मात्र दोन.

हाच न्याय मराठीलाही लागू पडतो. महाराष्ट्राचा राज्यकारभार मराठीत चालावा, तेथे दीर्घकाळ राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा पूर्णपणे योग्य आहे. परंतु मराठी बोलत नाही म्हणून २०२५ साली मीरा रोडला एका दुकानदाराला मारहाण झाली, तेव्हा ती अपेक्षा ‘मारणे’ या क्रियापदात शब्दशः उतरली. पूर्वांचलातून मुंबईला गेलेला माणूस आणि कोकणातून दिल्लीला आलेला माणूस यांची भाषेची गरज सारखीच असते. वर्ग, पुस्तके, शिकवणारे आणि थोडी सवड मिळाली तर तो शिकतो. धाकाने तो फक्त गप्प बसतो. ज्यांनी लादण्याला विरोध केला, त्यांनी या मारहाणीनंतरही तेवढ्याच ठामपणे बोलणे आवश्यक होते. काही बोललेही, पण पुरेसे नाहीत.

प्रत्येक कराला आणि प्रत्येक नियमाला लोक ‘लादलेला’च म्हणणार, मग सरकारने कारभार करायचा कसा, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. सर्वांना विचारून सर्व निर्णय होत नाहीत, आणि काही ओझी समाजाने न कुरकुरता उचलावीच लागतात. मात्र काशीच्या फाटकबंदीने या आक्षेपाचे उत्तर देऊन ठेवले आहे. भार किती, तो कशासाठी आणि किती काळ, हे ठरवताना वाहणाऱ्याचे मत घेतले गेले असेल, तर तोच माणूस तो भार आपला मानतो. ज्या निर्णयात या तीन प्रश्नांची उत्तरे आदेश निघाल्यानंतर शोधली जातात, तो निर्णय बहुधा मागे घ्यावा लागतो. काशीत त्याला दीड वर्ष लागले, महाराष्ट्रात अडीच महिने. लोकशाहीचा एवढा फायदा निश्चितच झाला आहे. पण अडीच महिन्यांचा हा वादही टाळण्याजोगा होता.

प्रशासनातील मराठी मंडळींसाठी यातून एक साधी कसोटी निघते. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. तरीही निरनिराळ्या याद्या, माहिती आणि अहवाल यांचे काम शाळेपर्यंत येतेच, आणि त्यावर कोणाचीही एकाची सही नसते. मंत्रालयाने घेतलेले उद्दिष्ट आयुक्तालयाने जिल्ह्याला दिलेले असते, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने मुख्याध्यापकाला. प्रत्येक पायरीवर ते ‘सोपवले’ गेलेले असते. शेवटच्या पायरीवर मात्र ते बोकांडी बसते. मधल्या पायरीवरील अधिकाऱ्याला हे उद्दिष्ट खालच्यांना झेपणार नाही, असे वर लिहून कळवता येते. बनारसच्या अधिकाऱ्यांनीही वीस हजारांचा आकडा वर कळवला होता, परंतु लोक मैदानात बसल्यावर. तोच मजकूर आदेशाचा मसुदा फिरत असताना टिपणीत लिहिला गेला, तर आदेशाच्या वजनाचा विचार तो निघण्यापूर्वी होऊ शकतो. टिपणी लिहिण्याचे ते काम ज्याच्या टेबलावर मसुदा येतो, त्याचेच आहे.